गॅस टेबल्सचा कागदी गठ्ठा: सात महिन्यांच्या वापरानंतर

ऑगस्टमध्ये नांदेडला एका झेरॉक्सच्या दुकानात ‘नाका रिपोर्ट ११३५’ (नाका म्हणजे नासाच्या आधीची अमेरिकी विमानसंशोधन संस्था) छापून स्पायरल करून घेतला. तिच्या एम्स प्रयोगशाळेनं १९५३ साली काढलेली कॉम्प्रेसिबल फ्लोची, म्हणजे घनता बदलते अशा वेगवान वायुप्रवाहाची समीकरणं, तक्ते आणि आलेख. पीडीएफ फुकट मिळते, खर्च फक्त छपाईचा.

मोबाइलवर मॅक नंबर (वेग ध्वनीच्या किती पट तो आकडा) टाकला की उत्तर येतं, मग कागद कशाला, असं वर्गातले सगळेच म्हणत होते. पहिले पंधरा दिवस मलाही तेच वाटलं. एका रात्री क्षेत्रफळाच्या गुणोत्तराच्या रकान्यावरून (नळीच्या त्या जागेचं क्षेत्रफळ भागिले घशाचं) सहज बोट फिरवत खाली गेलो. आकडा उतरत उतरत मॅक १ ला बरोबर १ होतो आणि तिथून परत चढायला लागतो. नॉझलचा घसा सगळ्यात अरुंद का, पुढं तोंड रुंद केल्यावर वेग का वाढतो, हे सरांनी फळ्यावर दोनदा सोडवून दिलं होतं. मला कळलं ते त्या रात्री. मोबाइल एकच आकडा देतो, शेजारचे दाखवत नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगा. सुपरसॉनिक (ध्वनीपेक्षा वेगवान) तक्त्यात एकाच ओळीत आयसेंट्रॉपिक (घर्षण आणि उष्णतेची देवघेव नसलेला प्रवाह) आणि नॉर्मल शॉक (प्रवाहाला आडवी, दाब एकदम वाढवणारी लाट) दोन्हींचे आकडे असतात. मॅक २ ला क्षेत्रफळाचं गुणोत्तर १.६८७५ आणि शॉकच्या दोन बाजूंच्या तापमानांचं गुणोत्तरही १.६८७५! मी चुकीच्या रकान्यातून तापमान घेतलं, उत्तर बरोबर आलं आणि चूक तशीच अंगवळणी पडली. पुढच्या गणितात मॅक २.५ होता. तिथं क्षेत्रफळाचा आकडा २.६३६७, तापमानाचा २.१३७५. सगळं गणित गेलं. तेव्हापासून शॉकचे रकाने मी लाल पेनानं चौकटीत घेतलेत.

दिवाळीत परभणीला घरी गेलो तेव्हा पंक्चरच्या दुकानात टायरचा व्हॉल्व्ह दाबून हवा सोडून बघितली. गेजवरचे ३० पीएसआय बाहेरच्या दाबाच्या वरचे असतात, म्हणून अशा टायरमध्ये बाहेरच्या सुमारे तिप्पट दाब असतो. बाहेरचा दाब आतल्याच्या ०.५२८३ पटीच्या खाली असला की प्रवाह चोक होतो, म्हणजे व्हॉल्व्हच्या अरुंद जागी हवा ध्वनीच्या वेगानं चाललेली असते. तिथल्या आणि आतल्या (केल्विनमधल्या) तापमानाचं गुणोत्तर ०.८३३३. आतली हवा ४० अंशांची धरली तर हिशेबानं उणे १२! व्हॉल्व्हची पितळी नळी बोटाला गार लागते, पण ती या उणे १२ मुळं नाही; नळीला टेकलेली हवा मंदावून जवळपास आतल्या तापमानाला परत येते, गारवा येतो तो मुख्यतः टायरमध्ये उरलेली हवा पसरताना थंड होते म्हणून. टायर साधारण १३ पीएसआयच्या खाली उतरला की चोक सुटतो.

उणिवाही आहेत. फॅनो (घर्षण असलेल्या) आणि रॅले (उष्णता दिलेल्या) फ्लोचे तक्ते यात नाहीत, ते मी रेघांच्या कागदावर स्वतः काढून मागं जोडले. एकूण दाबाला इथं टी अक्षर लावतात, आपल्याकडं शून्य लावतात. आठवडाभर गोंधळ होतो. तक्ते १.४ गॅमाचे (गॅमा म्हणजे वायूच्या दोन विशिष्ट उष्णतांचं गुणोत्तर; हवेला १.४), म्हणून गरम ज्वलनवायूच्या गणिताला समीकरणांकडंच वळावं लागतं.

छपाईचं सांगायचं तर, माझ्या प्रतीत ३ आणि ८ सारखेच दिसायचे. तिरक्या शॉकच्या आलेखात मॅक २ ला १० अंशांच्या वळणासाठी शॉकचा कोन ३९ च्या थोडा वर येतो; मला कधी ३८ दिसायचा, कधी ४१. शेवटी आलेखांची पानं ए-थ्री कागदावर वेगळी काढून घेतली. तुम्ही छापणार असाल तर ती पहिल्यापासूनच मोठी काढा आणि तक्ते एका बाजूलाच छापा, मागची कोरी बाजू गणितांना लागते.