वेट्स खुले की एपीआयमागे बंद?

एपीआय म्हणजे इंटरनेटवरून एआय मॉडेल वापरायची खिडकी; तिच्यामागचं मॉडेल कंपनीच्या सर्व्हरवरच राहतं. गैरवापर दिसला तर खातं बंद करता येतं, चूक सापडली तर दुरुस्ती सगळ्यांना एकदम लागू होते. वेट्स, म्हणजे मॉडेलने शिकलेले आकडे, खुले केले की ही सोय संपली. फेब्रुवारी २०२३ मध्ये मेटाने आपलं लामा हे भाषा मॉडेल संशोधकांपुरतं दिलं. मार्चच्या सुरुवातीला ते टॉरेंटवर, म्हणजे लोक आपसांत फाइली वाटतात त्या जाळ्यावर, फिरत होतं. आता परत कसं घेणार? शिवाय थोड्याशा फाइन-ट्यूनिंगने, म्हणजे वरून दिलेल्या जादा प्रशिक्षणाने, घातक विनंत्यांना नकार देण्याची मॉडेलची सवयही पुसता येते. बंद मॉडेललाही चकवता येतं म्हणा, पण तिथे निदान नोंद राहते.

खुल्याची बाजू तपासणीत आणि खासगीपणात भक्कम: मॉडेल कोणालाही आतून तपासता येतं आणि माहिती स्वतःच्या मशीनबाहेर जात नाही. छोट्या मॉडेलांसाठी मी खुलेपणाच निवडेन. जैविक अस्त्र बनवायला हातभार लावू शकेल, अशा मॉडेलसाठी मात्र नाही.