जुन्या रंधा मशीनसाठी तयार बेअरिंग किट: मोजल्याशिवाय मागवू नका

किटमध्ये दोन बेअरिंग आणि एक व्ही-बेल्ट येतो. बेल्ट उत्तम आहे: ए-सेक्शन, वरची रुंदी १३ मिमी. पुलीच्या खाचेत तो कडांवर पकड घेतो, तळाला टेकत नाही.

बेअरिंगबद्दल मात्र समाधान नाही. ते ६२०३ या प्रमाणित क्रमांकाचं आहे, म्हणजे आतला व्यास १७, बाहेरचा ४० आणि रुंदी १२ मिमी. जुन्या इंची मशीनचा शाफ्ट बऱ्याचदा ५/८ इंच, म्हणजे १५.८७५ मिमी असतो. अशा वेळी बेअरिंग मशीनमधल्या त्याच्या घरात (बाहेरची रिंग बसते त्या गोल खाचेत) चपखल बसतं, पण शाफ्टवर मिलिमीटरभर ढिलं राहतं. ती फट पत्र्याची पट्टी गुंडाळून कृपया भरू नका. कटर ब्लॉक, म्हणजे पाती बसवलेला फिरता दंड, केंद्रातून सरकतो आणि रंधलेल्या फळीवर लाटा उमटतात. बाहेरून ६२०३च्याच मापाचं, पण ५/८ इंची भोकाचं बेअरिंग सुटं मिळतं, तेच घ्या.

दुसरी उणीव सीलची. किटमधलं बेअरिंग झेडझेड, म्हणजे पत्र्याच्या झाकणाचं आहे, आणि त्याच्या फटीतून बारीक भुसा शिरून ग्रीस घट्ट होतं. या मशीनला दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलं २आरएस हवं.

बसवण्याआधी प्लग काढा, पातीही उतरवा. शाफ्टवर चढवताना दाब फक्त आतल्या रिंगवर द्या. बाहेरच्या रिंगवर हातोडी मारली की गोळ्या खोबणीत व्रण पाडतात आणि कोरं बेअरिंगही पहिल्याच दिवशी घरघरायला लागतं.