चंद्र बघायला पौर्णिमा की अष्टमी?
कोजागिरीला गंगापूर धरणाकडे मसाला दूध घेऊन जाताना बरेच जण दुर्बीण पण घेतात, पण खरं सांगू का, दुर्बिणीसाठी शुद्ध अष्टमीच भारी. पौर्णिमेला सूर्याचा प्रकाश समोरून पडतो म्हणून सावल्याच दिसत नाहीत, सगळं सपाट आणि टेलिस्कोपमधून डोळे दिपतात. अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेवर बघा, तिथे सूर्य नुकता उगवत असतो त्यामुळे विवरांच्या कडा, अपेनाइन डोंगररांग, लांबच लांब सावल्या, काय दिसतं यार! शिवाय संध्याकाळीच चंद्र वर असतो, मुलांना जागवायला नको.

चांद्रयान-३ उतरलं २३ ऑगस्ट २०२३ ला, तेव्हा पण चंद्र जवळपास अर्धाच होता, लँडरच्या जागी नुकतीच सकाळ झालेली, म्हणजे पुढे साधारण १४ दिवस ऊन आणि सोलर पॅनल चालू.

पौर्णिमेचं एक मात्र मान्य, टायको विवरापासून फुटलेले पांढरे पट्टे तेव्हाच झकास दिसतात, साधी बायनॉक्युलर पुरते. पावसाळ्यात ढगच असतात, त्यामुळे दिवाळीनंतरची अष्टमी धरा, आणि लांब जायची पण गरज नाही, शहराच्या लाइटने चंद्राला काही फरक पडत नाही, गच्ची चालेल.