पावसाळी घाटासाठी पोलरायझर फिल्टर, दोन पावसाळे वापरून

मी रत्नागिरीत राहतो. सुट्टी मिळाली की गाडी काढायची आणि एकतर आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्याकडे, नाहीतर हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा करत आंबा घाटात. कॅमेरा निकॉन डी 5600, त्यावर 18-140 ची लेन्स, आणि गेले दोन पावसाळे त्या लेन्सच्या तोंडावर होया कंपनीचा 67 मिमीचा सर्क्युलर पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा, कडी धरून फिरवता येणारा काचेचा फिल्टर. कोकणात राहून डोंगर, झाडी, पाणी यांचे फोटो काढणाऱ्याने दुसरी लेन्स घ्यायच्या आधी हा घ्यावा असं माझं स्पष्ट मत झालंय.

पोलरायझरची जाहिरात बघाल तर निळंशार आकाश दाखवतात, पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर त्याचं खरं काम ओल्या हिरवळीवर आहे. पाऊस पडून गेला की प्रत्येक पान आणि प्रत्येक कातळ वरच्या ढगांचा पांढरा उजेड परत फेकत असतो, त्यामुळे समोर एवढं हिरवंगार दिसत असूनही फोटोत झाडी पांढुरकी येते. ही चमक बऱ्याच अंशी एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश असते आणि फिल्टरची कडी फिरवली की तेवढाच अडवला जातो, खालचा पानाचा रंग येतो. नंतर एडिटिंगमध्ये सॅच्युरेशन कितीही वाढवा, चमकेखाली झाकलेलं पान परत येत नाही कारण ते फोटोत आलेलंच नसतं.

फिल्टर आला त्या दिवशी अंगणातल्या फणसाच्या ओल्या पानांसमोर धरून आईला दाखवला, हळूहळू फिरवला. पानांवरचा पांढरा तुकडा विरघळत गेला आणि शिरांसकट गडद हिरवं पान वर आलं. आई म्हणाली, "अरे, पान पुसल्यासारखं झालं की." मी एवढं समजावून सांगतो त्यापेक्षा हे बरोबर आहे.

आंबा घाटात फरक सगळ्यात जास्त कळतो. तिथल्या काळ्या कातळाच्या भिंती ओल्या असताना नुसत्या चकाकतात, फिल्टर फिरवला की थर, भेगा, शेवाळं सगळं वेगवेगळं दिसायला लागतं. पण दाट धुकं उतरलं की याचा काही उपयोग नाही, तेव्हा सरळ काढून खिशात ठेवतो.

आणि नेहमी पूर्ण फिरवायचाच असंही नाही, हे मला लावणीच्या दिवसांत कळलं. साखरप्याच्या अलीकडे खाचरं पाण्याने भरलेली, त्यात ढग उतरलेले, आणि मी सवयीने कडी फिरवली तर ढग गायब आणि खाली चिखल. तिथे प्रतिबिंब हाच फोटो होता. उलटा फिरवला, ढग परत आले. इंद्रधनुष्याचंही तसंच, चुकीच्या बाजूला फिरवला तर दिसेनासं होतं, म्हणून डोळा लावून सावकाश फिरवावा. ऊन असेल तेव्हा एक सोपी खूण, तर्जनी सूर्याकडे धरायची, अंगठा तिला काटकोनात ताठ, आता मनगट गोल फिरवा, अंगठा ज्या ज्या दिशेला जाईल तिथे आकाशावर परिणाम सगळ्यात जास्त. झूम 18 वर आणून वाइड, म्हणजे जास्तीत जास्त परिसर घेऊन काढताना मात्र याच कारणाने आकाश एका बाजूला गडद आणि दुसरीकडे फिकं येतं, तेव्हा मी आकाश कमीच घेतो.

त्रास पण सांगतो, हे कुठल्याही पोलरायझरचे आहेत. साधारण दीड स्टॉप उजेड जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणजे 1/125 सेकंदाच्या शटरला येणारा फोटो 1/40 च्या आसपास जातो, ढगाळ घाटात आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता, वाढवावाच लागतो. धबधब्याला मात्र हेच बरं पडतं, ट्रायपॉडवर शटर आपोआप स्लो मिळतं. कॅमेरा उभा धरला की फिल्टर परत सेट करायचा, आणि लेन्सच्या तोंडावर हूड, म्हणजे आडोशाची कडा, लावलेला असेल तर आत बोट घालून फिरवणं जिकिरीचं. गाडीच्या काचेतून तर काढूच नका, बाजूच्या टफन्ड काचेवर ठिपके आणि रंगीत पट्टे दिसतात, मला आधी वाटलं फिल्टरच बिघडला. घाटात वळणावर आणि दरडीखाली न थांबता मोकळी जागा बघून गाडी बाजूला घ्यायची आणि खाली उतरूनच काढायचा.

आरे-वारेला वाऱ्याबरोबर खारं पाणी उडून काचेवर बसतं. ते वाळलेलं तसंच कपड्याने पुसलं तर मिठाचे कण कोटिंगवर घासतात, म्हणून घरी आल्यावर फिल्टर काढून आधी गोड्या पाण्याने धुवायचा, मग मऊ कापड. आणि ओला फिल्टर लेन्सवर लावून बॅग बंद करून ठेवू नका, आपल्या हवेत बुरशी धरायला वेळ लागत नाही. मी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवतो.

याच्या आधी ऑनलाइन स्वस्तात एक घेतला होता, नाव सांगत नाही, त्यात सगळे फोटो पिवळट यायचे आणि चमक जेमतेम कमी व्हायची. त्यामुळे आता दुकानातच तपासून घ्या म्हणतो. लॅपटॉपचा एलसीडी स्क्रीन पूर्ण पांढरा करायचा, फिल्टरची लेन्सला लावायची आट्यांची बाजू आपल्या डोळ्याकडे ठेवून त्यातून बघत फिरवायचा, एका जागी स्क्रीन जवळजवळ काळा झाला पाहिजे. तोच उलटा धरून बघितला तर तितका काळा होत नाही, सर्क्युलर असल्याची ती खूण. साइज लेन्सच्या तोंडाशी गोल आणि त्यावर तिरकी रेघ अशा चिन्हापुढे लिहिलेला असतो, तो बघूनच ऑर्डर करा, 18-140 ला 67 लागतो.