उपचार उत्तम, कागदपत्रांचा आनंद

मागच्या महिन्यात सासूबाईंचं बीपी रात्री दोनशेच्या वर गेलं, छातीतही दुखायला लागलं. दहाच्या सुमारास नाशिकमधल्या या हॉस्पिटलात नेलं. उपचारांबद्दल बोलायला जागा नाही. कॅज्युअल्टीत लगेच ईसीजी, ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी), बीपीसाठी शिरेतून लॅबेटालॉल. रात्रपाळीच्या सिस्टर सारख्या येऊन बघून जात होत्या. 'आज रात्र ऑब्झर्व्हेशनमध्ये ठेवू,' डॉक्टर म्हणाले. आम्हाला वाटलं, झालं अ‍ॅडमिट.

नव्हतं झालं. कॅज्युअल्टीतला पेशंट हॉस्पिटलच्या लेखी ओपीडीचा, म्हणजे बाह्यरुग्ण. वॉर्डात बेड रिकामा झाला तेव्हा, म्हणजे दुसऱ्या दिवशी साडेअकराला, आयपीडी नंबर (आंतररुग्ण म्हणून नोंद) पडला. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला डिस्चार्ज. सासूबाई छत्तीस तास खाटेवर, कागदावर मात्र साडेबावीस! मोतीबिंदू, डायलिसिससारखं डे केअर (त्याच दिवशी घरी सोडतात ते उपचार) सोडलं तर बहुतेक मेडिक्लेमला सलग २४ तास आंतररुग्ण म्हणून दाखल असावं लागतं. कॅशलेस नामंजूर, सगळं बिल आमच्या खिशातून.

टीपीए (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी संस्था) डेस्कवरचा मुलगा मान वर न करता म्हणाला, "मॅडम, सिस्टीममध्ये असंच येतं." अहो, तुमच्याकडे रोज मेडिक्लेमवाल्यांची रांग असते. घड्याळासाठी पेशंटला झोपवून ठेवा असं कोण म्हणतंय? आदल्या रात्रीची वेळ डिस्चार्ज समरीत लिहा, एवढंच.

मेडिकल रेकॉर्डच्या बाईंनी मात्र कॅज्युअल्टीचे वेळेसकट कागद शिक्का मारून दिले. त्यांच्यामुळेच हे दोन तारे. ते जोडून रीइम्बर्समेंटला (भरलेलं बिल कंपनीकडून परत मिळवायला) टाकलं, तर कंपनीचा नवा प्रश्न: नुसत्या तपासण्यांसाठी दाखल होता का? तसं असेल तर चोवीस तास भरूनही पैसे मिळत नाहीत. इंजेक्शनांच्या वेळा लिहिलेला औषधांचा चार्ट पाठवला, तेव्हा कुठे क्लेम सुटला. ग्लोव्हज, मास्क वगैरे कापलेच.

इथे जाणाऱ्यांनी कॅज्युअल्टीतच विचारावं, 'आयपीडी नंबर कधी पडणार?' आणि निघण्याआधी समरीवरची दाखल झाल्याची वेळ वाचावी. नंतर दुरुस्तीला फार खेटे घालावे लागतात. विमा कंपनीने लेखी तक्रारीनंतरही नाही म्हटलं, किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर पुण्याला विमा लोकपालाकडे जाता येतं, फी लागत नाही. आमच्यावर ती वेळ आली नाही. हॉस्पिटलकडे दिलेल्या तक्रारीला मात्र अजून उत्तर नाही.