कॉन्सर्टचं तिकीट की श्रमदानाचं फावडं?

भाचा विचारतोय, मामा पर्यावरणासाठी कॉन्सर्ट आहे, जाऊ की तेच पैसे गावाकडच्या श्रमदानाला देऊ?

खर्च बघ आधी. 7 जुलै 2007 चं लाइव्ह अर्थ, हवामानबदलावरच्या कॉन्सर्टची मालिका, एकाच दिवशी सातही खंडांत गाणी, अगदी अंटार्क्टिकावरसुद्धा, चर्चा जोरदार झाली पण विमानं, लाइटिंग, जनरेटर यांचा धूर आधी आणि काम नंतर. मुंबईतला डिसेंबर 2008 चा शो तर 26/11 मुळे रद्दच झाला.

श्रमदानाचं बघ. वॉटर कप, म्हणजे पाणी अडवायची गावागावांतली स्पर्धा, त्यामागे पण आमिर खानचा चेहरा होताच की, फक्त तिथे टाळ्यांऐवजी तळहाताला फोड. 2016 ला तीन तालुक्यांतली गावं उतरली, साताऱ्यातल्या कोरेगाव तालुक्याचं वेळू पहिलं आलं. चर खणला की पावसाळ्यात पाणी थांबलेलं डोळ्याला दिसतं, अर्थात गाळ भरला की परत उपसा, आणि खाली बोअर मारत सुटलात तर सगळं मुसळ केरात. मेहनत म्हणशील तर कॉन्सर्टच सोपं, नाचायचं नि घरी यायचं.

ज्यांना विषयाचा गंधच नाही अशा मित्रांना ओढायचंय तर कॉन्सर्टला ने. पाणी अडवायचंय तर फावडं. आणि तिकिटातले किती रुपये कुठल्या कामाला हे सांगत नसतील तर करमणूक म्हणून जा, दान म्हणून नको.