‘पीएनआर गाडीत बसल्यावर देतो’

गणपतीत पुण्याहून एका दिवसात मुंबई, लालबागला दर्शन आणि रात्री परत घरी, असं एका एजंटचं पॅकेज. डेक्कन क्वीनचं जाता-येता कन्फर्म तिकीट आणि ‘व्हीआयपी पास’ धरून माणशी २,४५० रुपये. चौघांचे ९,८००. वर ‘तत्काळ चार्ज’ म्हणून ६००. गाडीतला दंड मिळवला तर ११,८२० रुपये गेले. दर्शन झालं नाही ते वेगळंच.

कुणी म्हणेल, एवढंही कळलं नाही? गणपतीच्या दिवसांत पुणे-मुंबई गाड्यांना वेटिंगच असतं, एजंट ओळखीतून मिळालेला, त्याचं रस्त्यावर बोर्ड लावलेलं दुकान. तिकिटावर चौघांची नावं बरोबर, वयं बरोबर, गाडी नंबर १२१२४ बरोबर, डबा डी-४, सीट ३१ ते ३४. खोटं तिकीट असं दिसेल असं कुणाला वाटतं?

ते तिकीट खोटं नव्हतंच, आणि खरी मेख इथेच आहे. त्याने चौघांच्या नावाने खरंखुरं वेटिंगचं ई-तिकीट काढलं आणि पीडीएफमध्ये ‘डब्ल्यूएल ३८’ (वेटिंग ३८) खोडून तिथे ‘सीएनएफ’ (कन्फर्म) आणि सीट नंबर टाकले. चार्ट, म्हणजे प्रवाशांची अंतिम यादी, लागल्यावरही नाव वेटिंगमध्येच राहिलं तर ई-तिकीट आपोआप रद्द होतं आणि पैसे परत जातात ते तिकीट काढणाऱ्याच्या खात्यात. म्हणजे रेल्वेने परत केलेलं भाडंही त्यालाच मिळालं. त्याच्या खिशातून गेली ती फक्त कापलेली किरकोळ रक्कम. परतीच्या १२१२३ च्या तिकिटाचंही असंच झालं.

५,००० आगाऊ दिले होते. उरलेले ४,८०० आणि तत्काळचे ६०० आदल्या दिवशी दुपारी यूपीआयने दिले, ते त्याने तिकिटाचा स्क्रीनशॉट पाठवल्यावर. तो स्क्रीनशॉट आजही मोबाईलमध्ये आहे आणि बघितला की चीड येते. पीएनआर, म्हणजे तिकिटाचा आरक्षण क्रमांक, दहा आकडी असतो. त्यातल्या पहिल्या तीन आकड्यांवर लाल ‘पेड’चा शिक्का बसवलेला, दिसत होते फक्त सात. विचारलं तर म्हणाला, “पीएनआर गाडीत बसल्यावर देतो, साहेब. लोक आधी घेतात आणि परस्पर कॅन्सल करतात.” हे पटलं! तिकीट आपलं, पैसे आपले आणि नंबर मात्र त्याच्याकडे. तिथेच फोन ठेवायला हवा होता.

त्याच स्क्रीनशॉटमध्ये कोटा ‘जनरल’ लिहिलेला होता. ज्याने तत्काळचे पैसे घेतले त्याच्या तिकिटावर जनरल कोटा कसा? शिवाय सेकंड सीटिंगला तत्काळचा जादा आकार माणशी १० ते १५ रुपये असतो, त्याने १५० लावले. तिकिटाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेलं असतं की हे वैयक्तिक आयडीवरून काढलेलं आहे आणि त्याची विक्री रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४३ खाली गुन्हा आहे. ती ओळ कोण वाचतं? वाचा. एजंटकडून घेतलेल्या तिकिटावर ती दिसली तर व्यवहार तिथेच थांबवा.

पूर्ण पीडीएफ आली रात्री ११.४० ला, चार्ट लागून गेल्यावर. तेव्हा रेल्वेच्या १३९ या चौकशी नंबरला पीएनआर टाकला असता तरी निदान दंड वाचला असता. तिकिटावरचा क्यूआर कोड स्कॅन केला तर मूळ बुकिंगची माहिती दिसते. पीडीएफमधली अक्षरं बदलतात, क्यूआर बदलायचं कष्ट हे लोक घेत नाहीत. आमच्या क्यूआरमध्ये ‘डब्ल्यूएल ३८’ स्वच्छ होतं. स्कॅन केला लोणावळ्यानंतर, टीसीने चार्ट दाखवल्यावर.

टीसीची चूक नाही. रद्द झालेलं ई-तिकीट म्हणजे विनातिकीट. भाडं अधिक माणशी २५० दंड, चौघांचे १,४२०. पावती मागून घ्या, पुढे तक्रारीला तोच कागद लागतो.

पासबद्दल फार लिहीत नाही. दादरला उतरून धीम्या लोकलने करी रोड गाठलं, स्वयंसेवकाने रंगीत कागद बघून परत दिला. रांगेत उभं राहायला पैसे लागत नाहीत, दर्शन फुकट असतं. पास विकणारा भेटला की तो चोर समजा. आणि हिशोबही करा: गाडी सीएसएमटीला १०.२५ ला पोचते, परतीची १७.१० ला सुटते. मध्ये पावणेसात तास. गणपतीत नवसाची रांग एवढ्यात होत नाही. पॅकेजचं वेळापत्रकच खोटं होतं.

आता तक्रारीचं. स्टेशनवरच्या पहिल्या चौकीत सांगितलं, फसवणूक आहे, पलीकडे जा. पलीकडे म्हणाले, पैसे पुण्यातून ऑनलाइन गेलेत, पुण्यात द्या. पुण्यात आमच्या भागातल्या ठाण्यात उत्तर मिळालं, रेल्वेचं तिकीट म्हणजे रेल्वेचा मामला. तीन ठिकाणी तेच सांगायचं, तीन ठिकाणी तोच प्रश्न: “तुम्ही एजंटकडून घेतलंच का?” अहो, घेतलं, चूक झाली, पण गुन्हा त्याने केलाय! एकानेही कागदावर एक ओळ लिहिली नाही. हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही, शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून पुढे पाठवायचा असतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगा, तक्रार लेखी द्या, पोच घ्या. आम्ही तोंडी बोलत राहिलो आणि दोन दिवस गेले.

ते दोन दिवस फार महाग पडले. पैसे गेल्याचं कळताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा, त्याच तासात. नंबर विसरू नका, डेक्कन क्वीन सुरू झाली तेच साल. व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. रक्कम खात्यात असेल तर गोठवता येते. आमची तोवर निघून गेली होती. पैसे घेतले त्या यूपीआयवर दुकानाचं नाव नव्हतं, कुण्या तिसऱ्याच बाईचं होतं. पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर येणारं नाव वाचा.

दुकानाचं शटर आता बंद असतं. पण त्याच नंबरवरून नवरात्राची जाहिरात फिरतेय: कोल्हापूर, अंबाबाईचं व्हीआयपी दर्शन, जाता-येता कन्फर्म तिकीट, माणशी २,२५०.